न नेलेली पालखी

वसंत गेल्याचं मला त्याच्या मुलीने, मयुरीने, फोनवर सांगितलं तेव्हा मी मालवणच्या मासळी बाजारात एका बाईशी बांगड्यांच्या वाट्यावरून हुज्जत घालत होतो. ‘‘काका, बाबा गेले,’’ एवढंच ती म्हणाली. मासळीवालीने माझा चेहरा पाहिला, काही न विचारता माझ्या हातातली पिशवी काढून घेतली आणि मला शेजारच्या पालथ्या टोपलीवर बसवलं. रडू तेव्हा आलं नाही. रडू घरी आल्यावर आलं, आणि राग त्याच्याही नंतर, तिसऱ्या दिवशी. त्या दिवशी तिठ्यावर बॅनर लागला होता. वसंताचा पंचवीस वर्षांपूर्वीचा फोटो, हातात पटाशी, आणि वर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं : ‘हस्तकलेचा शेवटचा शिलेदार, यंत्रापुढे न झुकलेला कलावंत.’ खाली देवस्थान कमिटीच्या सगळ्या सभासदांचे हात जोडलेले फोटो. मी स्कूटर बंद करून तो मजकूर तीनदा वाचला. आज दीड महिना झाला, राग उतरलेला नाही आणि तो उतरावा अशी माझी इच्छाही नाही. गेलेल्या माणसाबद्दल गोडगोड वाचायची ज्यांना सवय आहे त्यांनी सरळ पुढचं पान उघडावं.

वसंत मेस्त्री माझा शाळेपासूनचा मित्र. तो पिढीजात सुतार, मी पुढे आयटीआयमध्ये टर्नरचा ट्रेड शिकवायला लागलो आणि निवृत्त होईपर्यंत तेच केलं. म्हणजे त्याचं लाकूड आणि माझं लोखंड, भांडायला विषय कधी कमी पडला नाही. शाळेत असताना आमची सहल वालावलला गेली होती. बाकीची पोरं तळ्याच्या काठावर डबे उघडून बसली आणि हा देवळातल्या कोरीव खांबांपुढे उभा. गुरुजींनी कान धरून आणला तेव्हा म्हणाला, ‘‘गुरुजी, थंय एक पान दुसऱ्यासारख्या नाय.’’ हा माणूस मोठेपणीही तसाच राहिला. माझं घर बांधलं तेव्हा खिडकीची चौकट लावून, तिला रंग मारून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की ती काटकोनात सूतभर चुकलीय. त्याने ती उपटून काढली. मी वैतागून म्हटलं, ‘‘अरे, कोण बघतलो हा?’’ तर म्हणाला, ‘‘मी बघतंय मां!’’ आठ दिवस माझ्या घरात वारा आणि मांजरं त्या भोकातून ये-जा करत होती. असा माणूस यंत्रापुढे झुकला नाही, असं लिहिणाऱ्यांनी त्याच्या कारखान्यात काय आहे ते स्वतः पाहिलेलं होतं. तिथे गेली पाच वर्षं संगणकावर चालणारं कोरीव कामाचं एक सीएनसी मशीन उभं आहे, आणि ते कोणी त्याच्या गळ्यात मारलेलं नव्हतं.

तो माझ्याकडे आला ती दुपार मला चांगली आठवते. मी नुकताच निवृत्त झालो होतो आणि कुणाला शिकवायला मिळत नाही म्हणून बायकोलाच शिकवत होतो, त्यामुळे तो आल्याचा तिला तर फार आनंद झाला. ‘‘मास्तरा, माका तुझा ता कंप्युटरवरचा मशीन शिकव,’’ वसंत म्हणाला. मी हसलो. साठीला आलेला माणूस, ज्याच्या पटाशीचं काम बघायला गोव्यातून लोक येत, त्याला आता बटणं दाबायचीत! ‘‘तुका रे मेल्या आता कित्याक मशीन? हाव सुटली काय?’’ असं मी त्याला म्हटलं. होय, हे वाक्य पहिल्यांदा मीच उच्चारलं, गाव नंतर उच्चारायला लागला. दोन दिवस माझ्यासमोर बसून तो निमूटपणे ऐकत राहिला. तिसऱ्या दिवशी मी त्याला वहीत एक वर्तुळ काढायला सांगितलं. त्याने पेन्सिल उचलली, पुन्हा ठेवली, आणि उजवा हात टेबलावर पालथा ठेवून मला म्हणाला, ‘‘बघ.’’

हात थरथरत होता. टेबलावर असूनही थरथरत होता, बशीतल्या कपाची किणकिण ऐकू येत होती. गोव्यातल्या डॉक्टरांनी कंपवात सांगितला होता, वर्ष होऊन गेलं होतं. तोवर कोरीव काम त्याने ‘वेळ नाय’ म्हणून नाकारलं आणि साधी दारं-खिडक्या कामगारांकडून करून घेतली. माहीत होतं फक्त मयुरीला. मी काहीतरी बोलायला गेलो तर त्याने थांबवलं. ‘‘कोणाक सांगूचा नाय, मास्तरा. वचन दी.’’ मी म्हटलं, आजार आहे, त्यात लपवण्यासारखं काय आहे? तर त्याने माझ्याकडे असं बघितलं, जसा काही मी या गावचाच नाही.

आणि त्याचं बरोबर होतं. आमच्या रवळनाथाची पालखी घडवायचा मान वसंताच्या घराण्याकडे. त्यासाठी लाकडाला पहिला घाव घालण्याआधी मेस्त्रीने देवासमोर उभं राहायचं, लाकूड तासायचा वाकस दोन्ही तळहातांवर आडवा धरायचा, आणि गुरवाचं गाऱ्हाणं, म्हणजे साऱ्या गावाच्या वतीने देवाला घातलेलं साकडं, संपेपर्यंत तो तसाच धरून ठेवायचा. वाकस हलला तर देवाची मर्जी नाही, मान दुसऱ्या घरात जातो. आजार-बिजार कोणी विचारत नाही. वसंताच्या आजोबांनी तो धरला होता, वसंताने लहानपणी तो पाहिला होता. पुढची पालखी माझ्या हातची, असं तो शाळेत असल्यापासून सांगायचा. मी वचन दिलं. या वचनाचा मला आज जितका राग येतो तितका दुसऱ्या कशाचा येत नाही.

मशीन टेम्पोतून उतरलं तेव्हा अर्धा गाव बघायला आला आणि ‘वशाक लोभ सुटलो’ असं म्हणून चहा पिऊन गेला. तो मशीनवर दारांची पॅनेलं, स्वयंपाकघराची कपाटं करायला लागला, आणि हीच माणसं ती कपाटं आपापल्या घरात लावून घ्यायला लागली. शिकणं सोपं नव्हतं. माऊस हातात घेतला की पडद्यावरचा बाण मोकाट वासरासारखा कुठेही पळायचा. मी टेबलावरून उठून बाहेर जायचो, मला बघवायचं नाही. एक दिवस परत आत आलो तर याने माऊस बाजूला ढकलून दिलेला, मनगटाखाली उकड्या तांदळाची एक शिवलेली पिशवी, आणि फक्त बाणांच्या बटणांनी एकेक ठिपका सरकवतोय. एक बटण दाबायचं, बघायचं, चुकून दोनदा दाबलं गेलं तर मागे यायचं. मला म्हणाला, ‘‘मास्तरा, माझो हात थरथरता, पण ठिपको खंय थरथरता? तो ठेवलो थंयच ऱ्हवता.’’ किती दिवसांनी हसत होता तो! असे ठिपके जोडत त्याने एक पान काढलं. त्या एका पानाला आठवडा लागला. मशीनने ते फणसाच्या फळीत कोरलं तेव्हा त्याने त्यावरून अंगठा फिरवला, मान हलवली, आणि परत जाऊन त्यातले चार ठिपके बदलले.

मग तीन वर्षांपूर्वी जुनी पालखी वाळवीने खाल्ल्याचं लक्षात आलं आणि कमिटीने नवी करायचं ठरवलं. वाकस धरायचा दिवस आला. डॉक्टरांची गोळी नेमकी वेळ बघून घेतलेली, कोपरं बरगड्यांना घट्ट दाबलेली, वसंत देवासमोर उभा राहिला. मी त्याच्या शेजारी. आमच्या गुरवाला गाऱ्हाण्यात कोणी सुटलेलं चालत नाही. बारा वाड्या, पाच मानकरी, मुंबईतले चाकरमानी, परदेशात जहाजावर असलेली पोरं... तो सगळ्यांना देवाच्या पायाशी आणत होता आणि मी वाकसाच्या पात्याकडे बघत होतो. पातं हलायला लागलं. अजून कोणाला दिसलं नव्हतं. गुरव श्वास घ्यायला थांबला ती संधी साधून मी बेंबीच्या देठापासून ओरडलो, ‘‘व्हय म्हाराजाऽऽ!’’ सवयीने देवळात जमलेला सगळा गाव ओरडला, ‘‘व्हय म्हाराजा!’’ गुरव गोंधळला, आपण कुठे होतो ते विसरला आणि त्याने नारळ वाढवून टाकला. वसंताने वाकस खाली ठेवला. बाहेर आल्यावर म्हणाला, ‘‘जहाजावरची पोरां ऱ्हवली रे अर्धी.’’ आम्ही दोघं देवळाच्या मागे जाऊन हसलो. ती फसवणूक होती, मला मान्य आहे. मी ती पुन्हा करीन.

अकरा महिने लागले. संगणकात तयार मिळणारी फुलं-पानं त्याला चालत नव्हती. चतुर्थीत गणपतीच्या डोक्यावरच्या माटवीला जी कवंडळाची रानफळं टांगतात त्यांचा वेल त्याने पालखीच्या चारी बाजूंना काढला, आणि वालावलच्या खांबांसारखाच, एक पान दुसऱ्यासारखं नाही. मशीनला तर तेच पान शंभर वेळा कोरायला एकच आज्ञा पुरते. याने प्रत्येक पान वेगळं, ठिपक्या-ठिपक्याने घातलं. लाकूड फणसाचं, चार पावसाळे खाऊन सुकलेलं. मशीन कोरून थांबलं की कोपऱ्यात जिथे त्याचं फिरतं पातं, म्हणजे बिट, पोहोचत नाही तिथे मयुरी पटाशीने साफ करायची आणि हा पाठीमागे हात बांधून सांगायचा, ‘‘हळू गो, हळू. पानाक लागात.’’ मी आयुष्यभर यंत्रं शिकवली, पण यंत्राकडून इतकं बारीक काम काढून घेणारा विद्यार्थी मला त्याआधी भेटला नव्हता.

शेवटची बाजू कोरून होत होती तेव्हा कमिटीची माणसं पालखी कुठवर आली बघायला न सांगता आली. मशीन चालू होतं. अध्यक्ष दारातच थांबले. दारं-कपाटं मशीनवर होतात हे त्यांना ठाऊक होतं, देवाचं काम हाताने चाललं असेल असं त्यांनी धरलं होतं. दोन दिवसांनी देवळात कमिटीची बैठक. ‘‘मशीनीत काय, बटण दाबला की पालखी,’’ अध्यक्ष म्हणाले. ‘‘तेच्यात भक्ती खंय आसा? देवाच्या कामाक माणसाचो हात लागूक होयो.’’ हे ज्या देवळात बोललं गेलं तिथे रोज संध्याकाळी आरतीला ढोल आणि घंटा विजेच्या मोटारीवर वाजतात, कारण वाजवायला माणूस यायला तयार नाही. समईच्या जागी बल्बची माळ आहे. तिथे हाताची महती सांगताना कोणाची जीभ अडखळली नाही! वसंत खाली बसला होता, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. कोणी तरी म्हणालं, बघा कसो बसलोहा, माज बघा. तो माज नव्हता. ते हात बाहेर काढले असते तर सगळ्यांना कळलं असतं, एवढंच. मी त्याच्याकडे बघितलं. त्याने मान हलवून मला ‘नको’ सांगितलं... आणि मी गप्प बसलो. एका वाक्याचं काम होतं. ‘अरे, या माणसाला हात उरलेला नाही आणि तरी याने देवासाठी अकरा महिने ठिपके लावलेत’ – एवढं म्हणायला मला जीभ होती. गाऱ्हाण्यात ओरडायला घसा फुटला, आणि इथे मी फरशी बघत बसलो. कमिटीचा राग येतो म्हणून मी लिहितोय हे खरं, पण स्वतःला त्यातून वगळलं तर ते खोटं होईल.

वसंताची पालखी नाकारून दुसरी घाटावरच्या एका शहरातून आणली गेली. ‘संपूर्ण हातकाम’ असं तिथल्या दुकानदाराने छातीवर हात ठेवून सांगितलं होतं म्हणे. उत्सवाच्या दिवशी खांदा द्यायला मी पुढे झालो, वाकलो, आणि नाकासमोर आलेलं फूल बघून तसाच वाकून राहिलो. पटाशीने कोरलेला आतला कोपरा टोकदार येतो, हिचे सगळे कोपरे गोल. पाकळ्यांच्या खोलगट भागात एका अंतराने बारीक समांतर रेषा, बिट फिरल्याच्या. चारी बाजूंना तेच फूल, केसाचाही फरक नाही. मशीनवरची होती ती पालखी, आणि तीही घाईत, जाड बिटने ओरबाडलेली. परतताना मी वसंताला दबक्या आवाजात सांगितलं. ‘‘तुका आता समाजला?’’ तो म्हणाला. ‘‘माका ती टेम्पोतून उतरली तेव्हाच समाजला.’’

‘‘मगे बोल ना मेल्या! आत्ता परत जावया!’’

‘‘देव बसलो मां तेच्यात,’’ वसंत म्हणाला. ‘‘आता काय देवाक ऊठ म्हणान सांगू?’’

त्याच्या या चांगुलपणाचाही मला संताप आला. आठ दिवस मी त्याच्याशी बोललो नाही. त्याच्याकडे उरलेल्या दिवसांतले आठ मी असे फुकट घालवले. पुढे त्याचं बोलणं पुटपुटल्यासारखं झालं, चालणं खुर्चीपर्यंत आलं. मशीन मयुरी चालवायची आणि तो शेजारी बसून कान देऊन आवाज ऐकायचा. बिट बोथट झालं की तिच्या आधी त्याला कळायचं, तो चप्पल आपटायचा. शेवटी छातीत कफ झाला आणि चार दिवसांत तो गेला. शोकसभेत अध्यक्ष शुद्ध मराठीत म्हणाले, ‘‘वसंतरावांनी आयुष्यभर यंत्राला आपल्या कलेच्या जवळ फिरकू दिलं नाही.’’ लोकांनी माना डोलावल्या. मयुरी उठून बाहेर गेली.

आता जे सांगतो ते गेल्या मंगळवारचं. घाटावरून आणलेल्या पालखीचं लाकूड ओलं होतं. ते आकसत गेलं आणि यंदा तिचे सांधे उघडले, एक कोपरा तर बोट जाईल इतका. दसरा तोंडावर आलाय आणि तिच्यात देव बसवून खांद्यावर घेण्याची कोणाची छाती नाही. मी मयुरीच्या कारखान्यात बसलो होतो तेव्हा अध्यक्ष आले. वसंताची पालखी सुट्या भागांत, कापडात गुंडाळून कोपऱ्यात ठेवलेली, तिच्याकडे बघत म्हणाले, ‘‘गो मयू, बापाशीची ती पालखी आसा मां अजून? देवाक ती घेवया म्हणतंव. फक्त एक... लोकांक आमी सांगतलंव, वसंतान ती हातान केल्यान. मशीनीचा नाव काढूचा नाय. तुझ्या बापाशीचोच मान ऱ्हवतलो.’’ आणि माझ्याकडे वळून, ‘‘सर, तुमका सगळा म्हायत आसा. तुमी काय बोलू नकात हां.’’

मला मयुरीचा चेहरा बघवत नव्हता, कारण तिला काय द्यायला लागणार हे मला कळत होतं. शेवटच्या आठवड्यात, पुटपुटणं फक्त तिलाच समजत होतं तेव्हा, वसंत तिला म्हणाला होता, ‘‘एकदा बसूक होयो होतो गो देव तेच्यात.’’ आयुष्यात त्याने देवाकडे मागितलेलं हे एवढंच. तिने ‘हो’ म्हटलं की ते होणार होतं. बदल्यात अकरा महिन्यांचे ठिपके, ती तांदळाची पिशवी, तो हात, सगळं पुसून टाकायचं आणि बॅनरवरचा माणूस खरा मानायचा. ‘‘परवा सांगतंय,’’ ती म्हणाली. अध्यक्ष गेले.

मग ती माझ्याकडे वळली. मी म्हटलं, ‘‘बाय, मी तुझ्या बापाशीक वचन दिलंय. माझी जीभ बांधलेली आसा.’’

‘‘तुमच्याकडसून घेतल्यान वचन,’’ मयुरी म्हणाली. ‘‘माझ्याकडसून खंय घेतल्यान? मी सांगतंय तुमका, लिवा. हातासकट लिवा. बाबाक देव बसूक होयो होतो, पण बाबान केलल्या पालखीत बसूक होयो होतो. बॅनरवरच्या भलत्याच माणसान केलल्यात नको.’’

म्हणून लिहिलं. अध्यक्षांना मी त्या दिवशी उत्तर दिलं नाही, हे माझं उत्तर. पेपर देवळातही येतो, पहिल्यांदा तेच उघडतात. वसंता, वचन मोडलं रे. तुला पटणार नाही, शिव्या देशील, दे. मी ते तुझ्या त्या बैठकीतच मोडायला हवं होतं.

बुधवारी मयुरीने पालखीवरचं कापड काढलं, चारी बाजू जोडल्या, दांडा बसवला आणि ती कारखान्याच्या मधोमध उभी केली. संगणकावर प्रत्येक पानाचे ठिपके आहेत, ज्याला बघायचे त्याला ती दाखवते. कमिटीला पालखी न्यायची असेल तर हे सगळं वाचून, देवासमोर सांगून न्यावी. नसेल न्यायची तर ती आहे तिथे बरी आहे. मशीन तिच्या शेजारीच चालतं, लाकडाचा भुसा उडून पानापानांत जाऊन बसतो, आणि संध्याकाळी काम थांबलं की मयुरी मऊ ब्रश घेऊन तो एकेका पानातून काढत बसते.